एलपीएस घालायच्या आधीच शड्डू ठोकून बसलेल्या डेंड्रिटिक पेशी

आधी प्रॉब्लेम काय ते सांगतो, तुमचा तोच असेल तर पुढं वाचा नाहीतर उगंच वेळ घालवू नका. उंदराच्या बोन मॅरोतनं जीएम-सीएसएफ (पेशी वाढवणारं प्रोटीन) घालून डेंड्रिटिक पेशी (जंतूंचा माल उचलून टी पेशींना दाखवणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) वाढवल्या, आठव्या दिवशी काढल्या, निम्म्या तशाच ठेवल्या, निम्म्यांना रात्रभर एलपीएस (बॅक्टेरियाच्या भिंतीतला, पेशी जाग्या करणारा भाग) दिलं, सकाळी सीडी८६ आणि एमएचसी-२ (पेशी जागी झाली की तिच्यावर वाढणाऱ्या खुणा) यांच्या अँटीबॉडी लावून फ्लोवर (एकेक पेशी तपासणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर) बघितलं तर दोन्ही ट्यूब जुळ्या बहिणींसारख्या. कंट्रोल (म्हणजे एलपीएस न दिलेलं) पण वर, एलपीएस पण वर. म्हणजे कुस्ती लागायच्या आधीच पेशी शड्डू ठोकून उभ्या. आता यात तुमचं औषध, अर्क, प्रोटीन काय घालायचं ते घाला, फरक दिसणारच नाही, कारण खालनं वर जायला जागाच उरली नाही.

आमच्या लॅबमध्ये हे चार वेळा झालं. (मी मुलगी आहे, पण कोल्हापूरची आहे, त्यामुळं "मी आलो, मी बघितलो" असंच येणार, पुण्याच्या लोकांनी दचकू नये.) चारही वेळा लक्षण तेच, कारण मात्र प्रत्येक वेळी वेगळं, आणि आम्ही प्रत्येक वेळी मागच्या वेळचंच कारण धरून बसलो आणि आठवडेच्या आठवडे घालवले. म्हणून हे लिहितोय.

पहिली वेळ. त्यावेळी मी नवीन होतो, सगळं काचेच्या बाटल्यांत चालायचं. मीडिया (पेशी वाढवायचा द्रव) बनवायचं पाणी डबल डिस्टिल्ड, पण ते काढून कॅनमध्ये भरून ठेवलेलं, कॅन कधी भरला कुणालाच माहीत नाही, मामा सकाळी नळाच्या पाण्यानं बाटल्या धुवायचे आणि शेवटचं खंगाळणं त्या कॅनमधल्या पाण्यानं. मग ऑटोक्लेव्ह. मला वाटायचं ऑटोक्लेव्ह केलं की संपलं. तर तिथंच गंडलेलं होतं. साठवलेल्या डिस्टिल्ड पाण्यात ग्रॅम निगेटिव्ह बॅक्टेरिया आरामात वाढतात, ऑटोक्लेव्हनं ते मरतात, पण त्यांच्या भिंतीतलं एलपीएस जसंच्या तसं राहतं. कांदा-लसूण चटणीचा डबा कसा, तीनदा धुतला तरी झाकण उघडलं की वास येतोच, तसलं आहे ते. काचेवरचं एंडोटॉक्सिन (म्हणजे हेच एलपीएस) घालवायचं तर कोरडी उष्णता लागते, २५० अंशाला किमान अर्धा तास. आमच्या हॉट एअर ओव्हनवर आकडा २५० पर्यंत होता पण आत खरं किती होतं देवालाच ठाऊक, म्हणून सरळ प्लास्टिकवर गेलो, पाणी कल्चर ग्रेडचं सीलबंद घेतलं, मीडियात घालायचं सीरम घेताना एंडोटॉक्सिनचा आकडा लॉटच्या सर्टिफिकेटवर बघायला लागलो. कंट्रोल खाली आलं. मामांना कुणी बोलायचं कारण नव्हतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि आम्हाला तरी कुठं माहीत होतं.

डेंड्रिटिक पेशी एलपीएसला इतक्या चटकन का भडकतात याची एक गंमत आहे. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये झानविल कोन यांच्याबरोबर उंदराच्या प्लीहेत या पेशी पहिल्यांदा ओळखल्या, आणि ब्रूस ब्यूटलर यांच्या गटानं १९९८ मध्ये दाखवलं की एलपीएस ओळखणारा रिसेप्टर म्हणजे टीएलआर४. २०११ चं मेडिसिनचं नोबेल या दोघांना एकत्रच मिळालं, तिसरे ज्यूल्स हॉफमन. स्टाइनमन ३० सप्टेंबरला वारले, नाव जाहीर झालं ३ ऑक्टोबरला, कमिटीला माहीतच नव्हतं, तरी पारितोषिक त्यांच्याकडंच ठेवलं. तर आपली अख्खी डोकेदुखी त्या एकाच नोबेलमध्ये बसते, अर्धी स्टाइनमनची अर्धी ब्यूटलरची.

ब्यूटलरच्या त्या कामातनं एक हत्यार पण मिळालं. सी३एच/हेज जातीच्या उंदरात टीएलआर४ बिघडलेला असतो, त्याच्या पेशींना एलपीएस कळतच नाही. तुमच्याकडं असा उंदीर किंवा टीएलआर४ नॉकआउट (ते जीनच काढलेला) असेल तर त्याचं मॅरो तुमच्याच मीडियात वाढवा, तरी कंट्रोल वर आलं तर दोष एलपीएसचा नाही. आमच्याकडं नव्हता. मग गरिबाचं हत्यार म्हणजे पॉलिमिक्सिन बी हे अँटिबायोटिक, ते एलपीएसला धरून ठेवतं. न डिवचलेल्या विहिरीत (प्लेटच्या खणात) थोडं पॉलिमिक्सिन घाला, सीडी८६ खाली आलं तर एंडोटॉक्सिन आहे. पण यात एक विहीर विसरू नका, मुद्दाम एलपीएस अधिक पॉलिमिक्सिन अशी. तीसुद्धा खाली आली पाहिजे, नाहीतर तुमचं पॉलिमिक्सिनच मेलेलं आहे आणि तुम्ही त्याच्यावर निकाल देताय. डोस फार चढवू नका, जास्त झालं तर ते स्वतःच पेशींना त्रास देतं.

दुसरी वेळ, साधारण वर्षानं. पाणी बरोबर, प्लास्टिक बरोबर, सीरमचा लॉट तोच, पॉलिमिक्सिन घातलं तर कंट्रोल हललंच नाही. एलपीएस-पॉलिमिक्सिनची विहीर मात्र व्यवस्थित खाली आली, म्हणजे पॉलिमिक्सिन चालू होतं. आम्ही तरी तीन आठवडे पाण्यालाच शिव्या घालत बसलो, कारण मागच्या वेळी पाणी निघालं होतं ना. खरं काय होतं, विकतचं जीएम-सीएसएफ परवडत नाही म्हणून आम्ही एक्स६३ च्या सेल लाइनचं (लॅबमध्ये कायम वाढत राहणाऱ्या पेशींचं) सुपरनेटंट, म्हणजे त्यांच्यावरचा मीडिया, वापरत होतो, जीएम-सीएसएफचं जीन घातलेल्या या पेशी ते मीडियात सोडत बसतात, मीडिया गाळायचा, फ्रीज करायचा, वापरायचा. लई लॅबमध्ये हेच चालतं आणि त्यात काही चूक नाही. पण ती लाइन कुणीतरी कुणाकडनं तरी आणलेली, आणि तिला मायकोप्लाझ्मा लागलेला. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते त्यामुळं त्यात एलपीएस नाही, पॉलिमिक्सिनला काही धरायलाच मिळत नाही, पण त्याचे लिपोप्रोटीन टीएलआर२ या दुसऱ्या रिसेप्टरवर जाऊन बसतात आणि पेशी जाग्या होतात. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरनं गाळलंय म्हणून निवांत राहू नका, मायकोप्लाझ्मा लवचिक असतो, त्यातनं पण निसटतो, आणि पेनिसिलिन त्याला काहीच करत नाही कारण पेनिसिलिन भिंतीवरच मार करतं. पीसीआर करा, नाहीतर निदान डॅपी (डीएनए चमकवणारा रंग) लावून केंद्रकाच्या बाहेर ठिपके दिसतात का बघा. आम्ही ती लाइन फेकून दिली. वाचवत बसलो नाही, आणि तुम्ही पण बसू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

सुपरनेटंट वापरणार असाल तर आणखी एक, प्रत्येक बॅच टायट्रेट करा, म्हणजे वेगवेगळ्या प्रमाणात घालून बघा. "१० टक्के घाल" हे सीनियरनं सांगितलेलं प्रमाण त्या सीनियरच्या बॅचचं असतं.

तिसरी वेळ सगळ्यात चिडचिड करणारी, कारण सगळं स्वच्छ होतं. पॉलिमिक्सिनचा फरक नाही, मायकोप्लाझ्मा निगेटिव्ह, आणि गंमत म्हणजे माझ्या प्लेट चांगल्या यायच्या आणि ज्युनियरच्या वर यायच्या. ती म्हणाली ताई तुमचा हातगुण. हातगुण बितगुण काही नसतं म्हणून एक दिवस तिच्या शेजारी हूडला बसलो. तर ती सहाव्या दिवशी मीडिया बदलताना पिपेटनं सगळं जोरात वरखाली करत होती, गुच्छ फोडून एकसारखं सस्पेन्शन करत होती, कारण तिला वाटलं गुच्छ म्हणजे घाण, क्लंपिंग. ते गुच्छ म्हणजेच तर आपला माल आहे. जीएम-सीएसएफच्या कल्चरमध्ये वाढणाऱ्या पेशी गुच्छात राहतात, ई-कॅडहेरिननं एकमेकींना धरून, आणि तो गुच्छ नुसता फोडला तरी पेशी स्वतःहून मॅच्युअर व्हायला लागतात, एलपीएस नको काही नको. सीडी८६ वर जातं, एमएचसी-२ वर जातं, सीसीआर७ (लिम्फ नोडकडं नेणारा रिसेप्टर) येतो. फक्त अशा पेशी सायटोकाइन (बाकीच्या पेशींना निरोप देणारे प्रोटीन) फारसे काढत नाहीत, म्हणजे अंगावर कपडे मैदानाचे पण हातात डाव नाही. म्हणून नुसतं सीडी८६ बघून "मॅच्युअर" म्हणू नका, आयएल-१२ आणि टीएनएफ या सायटोकाइनचा एलायझा (मोजायची चाचणी) लावा. कंट्रोलमध्ये सीडी८६ वर आणि आयएल-१२ शून्याजवळ असेल तर आधी हाताकडं बघा, मग पाण्याकडं.

तेव्हा हात कसा ठेवायचा ते नीट लिहितो, कारण प्रोटोकॉलमध्ये हे कुणी लिहित नाही. उंदीर ६ ते १२ आठवड्यांचा, परवानगी अर्थातच एथिक्स कमिटीची आधी. मांडीचं आणि नडगीचं हाड, मांस साफ करून ७० टक्के अल्कोहोलमध्ये थोडा वेळ, मग टोकं कापून बारीक सुईच्या सिरिंजनं मीडिया सोडायचा, लाल दोरी बाहेर पडते आणि हाड पांढरं दिसायला लागतं. (मटणाची नळी ओढून खाल्लेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, आमच्या सरांचं म्हणणं की कोल्हापूरची पोरं मॅरो काढण्यात जन्मतःच तयार.) तांबड्या पेशी अमोनियम क्लोराइडनं फोडायच्या, एका उंदरामागं साधारण ३ ते ५ कोटी पेशी हाताला लागतात. मग १० सेंटीमीटरच्या डिशमध्ये २० लाख पेशी, १० मिली मीडियात, जीएम-सीएसएफ २० नॅनोग्रॅम प्रति मिली, ५० मायक्रोमोलर मर्कॅप्टोइथेनॉल. डिश साधी बॅक्टेरियाची पेट्री डिश घ्या, टिश्यू कल्चरवाली नको, त्याच्यावर सगळं चिकटून बसतं. तिसऱ्या दिवशी वरनं १० मिली ताजा मीडिया घाला, काही काढू नका. सहाव्या दिवशी अर्धा मीडिया काढा, त्यातल्या पेशी हळू सेंट्रिफ्यूज करून ताज्या मीडियात परत डिशमध्ये सोडा. काढताना डिश हलकी फिरवायची, जे तरंगतंय आणि जे सैल चिकटलंय तेवढंच घ्यायचं. तळाला घट्ट बसलेलं खरवडायचं नाही, ट्रिप्सिन तर नाहीच नाही.

काढल्यावर नवीन प्लेटमध्ये टाकून लगेच एलपीएस देऊ नका आणि चार-चार वेळा धुवू पण नका. शक्य असेल तर काही डिशमधल्या पेशी आधी काढायच्याच नाहीत, मूळ डिशमध्येच एलपीएस द्यायचं आणि शेवटी एकदाच काढायचं. काढलेल्या आणि न काढलेल्या कंट्रोलमध्ये किती फरक पडतो ते बघितलं की तुमचा हात किती जड आहे ते आकड्यात कळतं.

आता चौथी वेळ, आणि खरं तर याच्यासाठीच लिहायला बसलो. यावेळी काहीच बिघडलं नव्हतं. पाणी, लाइन, हात, सगळं ठीक, तरी कंट्रोलमध्ये आलेखावर सीडी८६ चे दोन डोंगर, एक खाली एक वर. एलपीएस दिलं की वरचा तसाच, खालचा थोडासा सरकतो. आम्ही सीडी११सी (डेंड्रिटिक पेशींची नेहमीची खूण) पॉझिटिव्ह म्हणून गेट लावायचो, म्हणजे तेवढ्याच पेशी निवडायचो, आणि आत जे आहे ते सगळं डेंड्रिटिक म्हणून सरासरी काढायचो. इथंच चूक. २०१५ मध्ये इम्युनिटी या जर्नलमध्ये हेल्फ्ट वगैरे मंडळींनी सरळ दाखवलं की जीएम-सीएसएफच्या डिशमधल्या सीडी११सी आणि एमएचसी-२ वाल्या पेशी म्हणजे एक जात नाही, त्यात मॅक्रोफेजसारख्या (जंतू गिळणाऱ्या पेशींसारख्या) पण आहेत आणि डेंड्रिटिकसारख्या पण. सीडी११बी (ही पण पेशीवरची खूण) जास्त आणि एमएचसी-२ मध्यम त्या मॅक्रोफेजकडच्या, सीडी११बी मध्यम आणि एमएचसी-२ भरपूर त्या डेंड्रिटिककडच्या. दोघी एलपीएसला वेगवेगळ्या पद्धतीनं उत्तर देतात. तुम्ही दोघींची सरासरी काढली तर उत्तर कुणाचंच नसतं, आणि उद्या प्रमाण बदललं की सरासरी बदलते, तुम्ही म्हणता पेशी ॲक्टिव्हेट झाल्या, खरं तर फक्त डिशमध्ये कोण किती आहे ते बदललेलं असतं.

म्हणजे डिश ही मिसळ आहे, आणि आम्ही तिची चव मटकीची चव म्हणून लिहून देत होतो.

यात दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच "स्टेज" म्हणतो तो घोळ पण आहे. एक म्हणजे पेशी घडते ती. मॅरोमध्ये एमडीपी नावाची पूर्वज पेशी असते, तिच्यातनं एकीकडं मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) निघतात, दुसरीकडं सीडीपी, म्हणजे डेंड्रिटिक पेशींची पूर्वज. सीडीपीकडनं पुढं मोनोसाइट होत नाहीत, तिथनं प्री-डीसी (अर्धवट घडलेल्या डेंड्रिटिक पेशी) निघतात, त्या मॅरो सोडून रक्तातनं प्लीहेत आणि लिम्फ नोडमध्ये जातात आणि तिथं जाऊन सीडीसी-१ किंवा सीडीसी-२ या डेंड्रिटिक पेशींच्या दोन जाती होतात. या अख्ख्या रस्त्याला फ्लिट-३ लिगँड (आणखी एक पेशी वाढवणारं प्रोटीन) लागतं. प्लाझ्मासायटॉइड, म्हणजे पीडीसी, त्यांचा कारभार थोडा वेगळा, त्यांना ई२-२ हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर (जीन चालू-बंद करणारं प्रोटीन) सांभाळतो. ही झाली तालीम, पोरगं कुठल्या वस्तादाकडं घडलं ती गोष्ट. दुसरी गोष्ट म्हणजे घडून झालेल्या पेशीचं मॅच्युरेशन. टिश्यूत बसलेली असताना ती भराभर गिळत असते, एमएचसी-२ बरंचसं आत ठेवलेलं, सीडी८०-८६ कमी. धोका कळला की गिळणं कमी, एमएचसी-२ बाहेर, सीसीआर७ चढवून लिम्फ नोडकडं रवाना, टी पेशींना दाखवायला. हे मैदान. तालमीतली पायरी आणि मैदानातला पवित्रा या दोन गोष्टी आहेत, आणि सीडी८६ फक्त पवित्रा सांगतं. पैलवान कुठल्या तालमीचा ते त्याच्यावरनं कळत नाही.

आणि तालीम कुठली याच्यावर काम ठरतं, म्हणून ते आधी विचारायचं. सीडीसी-१ ला आयआरएफ८ आणि बॅटफ३ हे फॅक्टर लागतात, तिच्यावर एक्ससीआर१ आणि क्लेक९ए या खुणा असतात, मेलेल्या पेशींचा माल उचलून सीडी८ टी पेशींना दाखवणं, म्हणजे क्रॉस-प्रेझेंटेशन, हा तिचा हातखंडा, आयएल-१२ पण ती भरपूर काढते. सीडीसी-२ ला आयआरएफ४ महत्त्वाचा, सीडी११बी आणि सर्प-अल्फा या खुणा तिच्यावर दिसतात, तिचा कल सीडी४ टी पेशींकडं. पीडीसी टी पेशींच्या भानगडीत कमी पडते, पण व्हायरस दिसला की इंटरफेरॉन टाइप वनचा (व्हायरसला अडवणाऱ्या सायटोकाइनचा) पूर आणते. जीएम-सीएसएफच्या डिशमधली मंडळी यातली कुणीच नाही, ती जळजळीच्या वेळी मोनोसाइटपासनं बनणाऱ्यांच्या जवळची. त्यामुळं तुमचा प्रश्न क्रॉस-प्रेझेंटेशनचा असेल आणि तुम्ही जीएम-सीएसएफ घालून बसला असाल तर कंट्रोल सुधारून काय उपयोग, डिशच चुकीची आहे.

त्यासाठी फ्लिट-३ लिगँडचं कल्चर. १०० ते २०० नॅनोग्रॅम प्रति मिली, मिलीला साधारण १५ ते २० लाख पेशी, ८ ते १० दिवस, आणि मधे हात लावायचा नाही. खरंच लावायचा नाही, आमच्या ज्युनियरनं प्लेटवर "उघडू नये" अशी चिठ्ठी चिकटवली होती. शेवटी बी२२० वाल्या पीडीसी, सीडी२४ जास्त आणि सर्प-अल्फा कमी अशा सीडीसी-१ सारख्या, आणि सर्प-अल्फा जास्त अशा सीडीसी-२ सारख्या, तिन्ही मिळतात. इथं एक खड्डा आहे ज्यात मी पडलो. प्लीहेतल्या सीडीसी-१ वर सीडी८-अल्फा असतं म्हणून मी कल्चरमध्ये पण तेच शोधत बसलो, काहीच दिसेना, कल्चर फेकून दिलं. फ्लिट-३ च्या डिशमध्ये त्या पेशींवर सीडी८-अल्फा येतच नाही. सीडी२४ नाहीतर क्लेक९ए बघायचं होतं. आणि यात चुकून जीएम-सीएसएफचा थेंब गेला तर पीडीसी गायब होतात, म्हणून दोन्ही कल्चरचे मीडिया वेगळ्या रंगाच्या टेपनं ओळखू येतील असे ठेवा.

फ्लोचं किरकोळ पण सांगून टाकतो. मेलेल्या पेशी सगळ्या अँटीबॉडीला चिकटतात, व्हायबिलिटी डाय (मेलेल्या पेशी ओळखणारा रंग) न लावता सीडी८६ वर चर्चा करू नका. एफसी ब्लॉक, म्हणजे सीडी१६/३२ ची अँटीबॉडी, घालाच, तिनं बाकीच्या अँटीबॉडी भलतीकडं चिकटत नाहीत. आणि ब्लॅक सिक्स जातीच्या उंदरांवर चालणारी, फक्त आय-ए-बी (त्यांचं एमएचसी-२) ओळखणारी अँटीबॉडी बाल्ब-सी जातीच्या पेशींवर लावून "एमएचसी-२ नाही आलं" म्हणून रडू नका, हॅप्लोटाइप, म्हणजे एमएचसीचा प्रकार, वेगळा आहे.

अर्क घेऊन येणाऱ्यांसाठी वेगळं. आपल्याकडं दर दुसरा माणूस कुठला ना कुठला काढा घेऊन येतो, आणि पेशींवर घातला की सीडी८६ वर जातं, सगळे खूश. झाडाच्या पाल्या-मुळ्यांवर बॅक्टेरिया असतातच, अर्कात एलपीएस येतंच. तपासायला लिम्युलस टेस्ट आहे, पण वनस्पतीतले बीटा-ग्लुकन (साखरेच्या लांब साखळ्या) तिला फसवतात, त्यामुळं बीटा-ग्लुकन ब्लॉकर घालून करा. आणि तुमचा दावा प्रोटीनचा असेल तर ते उकळून बघा, उकळल्यावर प्रोटीन संपतं, एलपीएस नाही, तरी पेशी तेवढ्याच जाग्या झाल्या तर समजून घ्या. मी हे एका मित्राला सांगितलं तर तो दोन महिने बोलला नाही. नंतर उकळून बघितलं म्हणे, काय आलं ते मी विचारलं नाही, चहा त्यानं पाजला.

आता मी कंट्रोल वर आलं की या क्रमानं जातो. आधी जुनीच फाइल उघडून व्हायबिलिटी आणि मग सीडी११बी विरुद्ध एमएचसी-२ चा प्लॉट, कारण याला पैसे लागत नाहीत आणि उंदीर पण लागत नाही. दोन गट दिसले तर प्रत्येकात वेगवेगळं कंट्रोल आणि एलपीएस बघतो, निम्म्या वेळा प्रॉब्लेम तिथंच सुटतो. नाही सुटला तर साठवलेल्या सुपरनेटंटमधलं आयएल-१२, त्यावरनं हात की घाण ते कळतं. घाण असेल तर पॉलिमिक्सिन, ते हललं तर पाणी-सीरम, नाही हललं तर मायकोप्लाझ्मा. एमएचसी-२ जास्त असलेला एक छोटा गट कंट्रोलमध्ये कायम असतोच, आठव्यापेक्षा दहाव्या दिवशी जास्त, तो शून्य करायच्या नादाला लागू नका.

मागच्या आठवड्यात ज्युनियरची प्लेट परत वर आली. ती माझ्याकडं बघायला लागली, मी काहीच बोललो नाही, तिनं स्वतःच जाऊन सीडी११बी चा प्लॉट काढला.